गाडीतला एसी काढताना

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर मंडळाच्या सभागृहात दिलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



काल याच जागेवर सुगम संगीत झालं, उद्या महिला मंडळाचं नाटक आहे. या दोन्हींच्या मध्ये कार्यकारिणीनं आम्हाला उभं केलंय. विषय सांगितला तेव्हा सचिवांनी फोनवर दोनदा विचारलं, "एसी बसवण्यावर बोलणार की काढण्यावर?" काढण्यावर, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "इंदूरमध्ये मे महिन्यात हा विषय ठेवला असता तर एकही माणूस आला नसता." आज बाहेर पाऊस आहे, म्हणून आपण सगळे आलात. आभार.

आधी ओळख. आम्ही यांत्रिकीचा डिप्लोमा केलेले, राज्य सरकारच्या एका खात्यात पंप आणि इंजिनं सांभाळणारे नोकरदार. मोठं काही संशोधन केलेलं नाही. 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणा म्हणून नाही. बोलणारा एक असला तरी काम दोघा भावांचं आहे. दादा तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे हे आपल्याला ठाऊक आहेच. आमचं काही चुकलं तर तो मान हलवेल, तेव्हा त्याच्याकडेही बघत राहा.

आम्ही आजवर दोन गाड्यांमधला एसी काढला. पहिला २००१ साली, आमच्या अण्णांच्या मारुती ८०० मधला. दुसरा मागच्या वर्षी, मंडळाच्या ईको गाडीतला. पहिलं काम आम्ही तीन तासांत केलं, दुसऱ्याला दोन रविवार लागले. पहिलं चुकीचं होतं आणि दुसरं बरोबर. या दोन्हींच्या मध्ये काय शिकलो, तेवढंच आज सांगायचं आहे.

अण्णा १९९५ मध्ये शाळेतून निवृत्त झाले. फंडाच्या पैशातून त्यांनी मारुती घेतली आणि तीही एसीची. तेव्हा नातेवाइकांत चर्चा झाली. मास्तरांना एसी कशाला? अण्णा कोणाला उत्तर देत बसले नाहीत. आमच्या आईला अर्धशिशी होती. ऊन लागलं की दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. आणि तिचं माहेर धुळ्याचं. इंदूरहून धुळ्याला जायचं म्हणजे महू, मानपूरचा घाट उतरून निमाड, खलघाटला नर्मदा, पुढे सेंधवा आणि बिजासनचा घाट. उन्हाळ्यात तो निमाडचा पट्टा कसा तापतो हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे, कारण आपल्या सगळ्यांची लग्नकार्यं मे महिन्यात आणि खानदेशात नाहीतर नाशिक-पुण्याला. अण्णांनी एसी घेतला तो त्या रस्त्यासाठी.

आम्ही डिप्लोमा होऊन नुकते बाहेर पडलो होतो. हातात पाना आला की जगातली प्रत्येक वस्तू खोलावीशी वाटते, ते वय. पेट्रोल तीस रुपयांच्या आसपास गेलं होतं. ८०० ची ताकद ३७ हॉर्सपॉवर, एसी लावला की त्यातली दोन-तीन कंप्रेसरच खायचा, आणि मानपूरचा घाट चढताना गाडी धापा टाकायची. त्यात एसीचा पट्टा सकाळी किंचाळायचा. दादाचं दुकान नवं होतं, त्याला आर्मेचर तपासायचं यंत्र घ्यायचं होतं. एका मिस्त्रीनं एसीच्या सगळ्या सामानाचे साडेतीन हजार देऊ केले. आम्ही हिशेब केला: पेट्रोल वाचेल, वजन कमी होईल, यंत्र येईल. अण्णांना जेवताना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात, बघा." आम्ही त्याचा अर्थ होकार असा घेतला.

आता एसी चालतो कसा, हे दोन मिनिटांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आपल्या घरी माठ असतो. माठातलं पाणी पाझरतं, हवेत उडून जातं, आणि उडताना माठाची उष्णता घेऊन जातं. इंजेक्शनच्या आधी नर्स दंडाला स्पिरिट लावते तेव्हा गार लागतं, ते याच कारणानं. एसीमध्येही हेच होतं. फरक एवढाच, की माठातलं पाणी एकदा उडालं की गेलं, रोज नवं भरावं लागतं. एसीतलं द्रव्य उडतं, पण त्याला पुन्हा पकडून आणतात. ग्लव्ह बॉक्सच्या मागे एक जाळी असते, मिस्त्री लोक तिला कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यात हे द्रव्य उकळतं आणि गाडीतली उष्णता घेतं. मग इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कंप्रेसर त्या वायूला दाबतो. दाबला की तो तापतो. मग तो रेडिएटरच्या पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जातो. तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा पातळ होतो. वाटेत एक डबी असते, ड्रायर, ती ओलावा टिपते. पुढे एक बारीक छिद्राचा व्हॉल्व्ह, तिथून सुटला की पुन्हा गार. असा हा वायू बंद नळ्यांत वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो खर्च होत नाही. "गॅस संपला" असं आपण म्हणतो तेव्हा तो संपलेला नसतो, कुठून तरी गळालेला असतो.

या चक्रातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कंप्रेसरच्या पुलीवर विजेचा क्लच असतो. डॅशबोर्डवरचं एसीचं बटण बंद केलं की क्लच सुटतो. पुली फिरते पण कंप्रेसर फिरत नाही. म्हणजे बंद एसी पेट्रोल खात नाही म्हटलं तरी चालेल. खातं ते फक्त त्याचं वजन. आम्ही काढलेलं सगळं सामान दादाच्या दुकानाशेजारच्या काट्यावर ठेवलं होतं, एकवीस किलो भरलं. एका शाळकरी मुलाचं वजन! साडेसहाशे किलोच्या गाडीत त्यानं काय फरक पडणार? जे पेट्रोल वाचवण्यासाठी आम्ही तीन तास घाम गाळला, ते बटण दाबूनही वाचलं असतं. हे आम्हाला पुस्तकात शिकवलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण हातात पाना होता.

तर त्या रविवारी सकाळी अंगणात आम्ही बॉनेट उघडलं. कंप्रेसरच्या नळीचा नट सैल केला. आटे पुरते सुटायच्या आत जोरात फस्स् आवाज झाला, पांढरा धूर उडाला आणि दादा ओरडला. तो वायू म्हणजे आर-१२. उणे ३० अंशाला उकळणारा. त्याचा फवारा अंगठ्यावर बसला आणि कातडी जागच्या जागी गोठली. भाजल्यासारखा फोड आला. दादाच्या डाव्या अंगठ्यावर तो पांढरा डाग आजही आहे, कार्यक्रमानंतर बघायला मिळेल. डोळ्यात गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार आम्ही दुसऱ्या दिवशी केला. अर्ध्या मिनिटात आवाज थांबला. आम्ही म्हणालो, चला, गॅस गेला, आता काम सोपं झालं.

गॅस गेला म्हणजे कुठे गेला, हा प्रश्न त्या दिवशी आम्हाला पडला नाही.

तो प्रश्न जगाला मात्र आधीच पडलेला होता. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या दोन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं, की आर-१२ सारखे वायू खाली कशातही विरघळत नाहीत, कशाशी झगडत नाहीत, म्हणून सावकाश वर, अगदी ओझोनच्या थरापर्यंत पोहोचतात. तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी ते फुटतात, त्यातला क्लोरीन मोकळा होतो आणि ओझोन खात सुटतो. एक क्लोरीनचा अणू हजारो ओझोन रेणू मोडतो आणि स्वतः तसाच राहतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनच्या थराला पडलेलं छिद्र ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलचा करार झाला. म्हणूनच १६ सप्टेंबर हा जगभर ओझोन दिवस म्हणून पाळतात. बहुतेक वर्षी तो आपल्या गणपतीच्या मागे-पुढेच येतो. भारत १९९२ मध्ये त्या करारात आला. मोलिना, रोलंड आणि क्रुट्झेन यांना १९९५ चं नोबेल मिळालं. आमच्या घरी गाडी आली तेच वर्ष.

आता हिशेब सांगतो. आम्ही सरकारी माणसं, हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. ओझोनचं नुकसान बाजूला ठेवा, हा वायू पृथ्वी तापवतोही. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो आर-१२ जवळजवळ ११ टन कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. आमच्या गाडीत अर्धा किलो धरू. म्हणजे साडेपाच टनांच्या आसपास. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे त्या अर्ध्या मिनिटात आम्ही जे सोडलं ते साधारण २४०० लिटर पेट्रोल जाळण्याइतकं होतं. लिटरला सोळा किलोमीटर धरले तर ३८ हजार किलोमीटरच्या आसपास. पृथ्वीला विषुववृत्तावरून पूर्ण फेरी मारायला चाळीस हजार लागतात. आणि हे सगळं कशासाठी, तर पेट्रोल वाचवायला.

आर-१२ हवेत साधारण शंभर वर्षं टिकतो. म्हणजे आम्ही सोडलेला बराचसा वायू आजही वर आहे.

पण त्या कामात याहून जवळची एक चूक झाली होती, आणि ती कळायला वर्षही लागलं नाही.

कूलिंग कॉइल काढली की दोन गोष्टी उघड्या राहतात. एक, पंख्याची पेटी आणि हीटरची पेटी यांच्या मधली जागा. बिनएसीच्या गाडीत तिथे प्लास्टिकचं एक साधं नळकांडं असतं. ते बाजारात मिळतं, बसवायचं असतं. आम्ही पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावली. दुसरी गोष्ट, इंजिन आणि माणसं बसतात ती जागा यांच्या मधल्या पत्र्यात नळ्यांसाठी दोन भोकं असतात. त्यांना रबरी बुचं लावायची असतात. आम्ही तिथे जुन्या बनियनचा बोळा कोंबला.

मे २००२. धुळ्याला मावसबहिणीचं लग्न. अण्णा गाडी चालवत होते, आई पुढे त्यांच्या शेजारी, आम्ही दोघं मागे. खलघाट ओलांडला तेव्हा बारा वाजले होते. कुठल्या तरी खड्ड्यात तो बोळा निसटून पडला. कूलिंग कॉइल कुठे असते? ग्लव्ह बॉक्सच्या मागे, डावीकडे. म्हणजे बरोबर आईच्या पायाशी. इंजिनची गरम हवा आणि पेट्रोलचा वास सरळ तिच्या अंगावर येत होता. ती काही बोलली नाही. तिला वाटलं, निमाडचं ऊन आहे, चालायचंच. सेंधव्याच्या अलीकडे तिनं डोकं काचेला टेकलं, आणि मग हाकेला ओ देईना.

सेंधव्यात एका डॉक्टरांकडे नेलं. सलाइन लावलं. दोन तासांनी तिनं डोळे नीट उघडले. इंजिनच्या बाजूनं जी हवा येते तिच्यात धूरही असू शकतो, आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे सगळं आम्ही त्या दवाखान्याच्या बाकावर बसून आठवत होतो. लग्न आम्ही चुकवलं नाही, पण सीमांतपूजन चुकलं. बिजासनचा घाट रात्री उतरलो. उतरताना आई एवढंच म्हणाली, "काढलात ते काढलात. मला एकदा विचारायचं होतंत. मी नाही म्हटलं नसतं."

अण्णांनी त्यावर काहीच म्हटलं नाही. गाडी कोणासाठी घेतली होती हे त्यांना माहीत होतं, आणि आता आम्हालाही कळलं होतं. त्यानंतर आई उन्हाळ्यात त्या गाडीतून कधी गेली नाही. रात्रीच्या बसनं जायची. आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली. अण्णाही नाहीत. ८०० पण गेली. दादाचं आर्मेचरचं यंत्र मात्र अजून चालतं. ते चालू करताना तो रोज काय विचार करतो, हे आम्ही त्याला कधी विचारलं नाही.

हे घरातलं गाऱ्हाणं आपल्यापुढे मांडलं, कारण मागच्या वर्षी मंडळाच्या ईकोचा प्रश्न आला.

ही गाडी आपल्याला एका सभासद कुटुंबानं पुण्याला जाताना दिली. कार्यक्रमाला ज्येष्ठांना घरून आणणं आणि रात्री सोडणं हे तिचं मुख्य काम. मागच्या मार्चमध्ये कंप्रेसर जाम झाला. पुलीचं बेअरिंग घरघरायला लागलं, पट्टा जळायची भीती होती. नवा कंप्रेसर, ड्रायर, नळी आणि गॅस यांचा खर्च मंडळाच्या वर्षाच्या पेट्रोलपेक्षा जास्त निघाला. कार्यकारिणीत ठरलं, एसी काढून टाका. आणि सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं.

आम्ही म्हणालो, काढू. पण आधी दोन गोष्टी.

पहिली, गाडीत जे बसतात त्यांना विचारायचं. दादा आणि आम्ही तीन संध्याकाळी घरोघर गेलो. आमची कल्पना होती की आजी-आजोबा एसीसाठी भांडतील. एकही भांडलं नाही. ते म्हणाले, आम्ही येतो गणपतीत, दिवाळी पहाटेला आणि थंडीतल्या गाण्याला. तेव्हा एसी लागतो कोणाला? उलट त्या गार हवेनं गुडघे धरतात. एक काकू म्हणाल्या, "अरे, गाडी इतकी उंच आहे की चढताना साडी सांभाळू की दार धरू? एक पायरी लावा आणि धरायला काहीतरी द्या." हे आम्हाला पाच वर्षांत कळलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट, गॅस सोडायचा नाही. ईकोमधला वायू आर-१३४ए. आर-१२ नंतर आलेला. याच्यात क्लोरीन नाही, ओझोनला धक्का नाही. पण तापवण्यात हाही काही कमी नाही. एक किलोचा परिणाम १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. म्हणूनच २०१६ मध्ये किगालीला माँट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि हे वायूही टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं. भारतानं २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. आता, घरचा स्प्लिट एसी दुसऱ्या घरी न्यायचा असेल तर चांगला कारागीर गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो आणि व्हॉल्व्ह बंद करतो. ती सोय त्यात असते. आपल्या घरी कोणी तसं न करता नळी कापायला लागला तर त्याला थांबवा, एवढं या भाषणातून घरी घेऊन जा. गाडीत तसे व्हॉल्व्ह नसतात. त्यासाठी गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं यंत्रच लागतं. ते असलेला माणूस शोधायला आम्हाला पंधरा दिवस लागले. चार जणांनी हसून सांगितलं, "साहेब, नट खोला, निघून जाईल." शेवटी एक जण मिळाला. त्यानं पैसे घेतले, पण काट्यावर मोजून दाखवलं, ३०० ग्राम निघाला. बाकीचा आधीच गळाला होता. हे ३०० ग्राम म्हणजे सव्वाचारशे किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड. लिटरला चौदा किलोमीटर धरले तर ईकोनं इंदूर-पुणे दोनदा जाऊन-येऊन करण्याइतकं. ते सिलिंडरमध्ये राहिलं.

पुढचं काम तसं सोपं. ज्यांना स्वतः करायचं असेल किंवा समोर उभं राहून करून घ्यायचं असेल, त्यांच्यासाठी क्रम सांगतो. गेजचे दोन्ही काटे शून्यावर आल्याशिवाय कोणत्याही नळीला पाना लावू नका. जवळ बिडी-सिगरेट नको, कारण स्वस्तात म्हणून कोणी पेट घेणारा वायू भरलेला असू शकतो, आणि नेहमीचा वायूसुद्धा ज्वाळेवर गेला की विषारी धूर होतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एसीचा पट्टा वेगळा असेल तर काढला की झालं. पण नव्या गाड्यांत एकच लांब पट्टा सगळं फिरवतो, तिथे कंप्रेसरच्या जागी मोकळी पुली बसवावी लागते किंवा त्या मापाचा छोटा पट्टा घ्यावा लागतो. पट्ट्याचा मार्ग आधी कागदावर काढून ठेवा. नळ्यांची तोंडं लगेच बंद करा, त्यात तेल असतं. कंडेन्सर काढताना रेडिएटरच्या पात्या वाकवू नका, आणि रेडिएटरचा पंखा त्याच तारेवर आहे का ते बघा, नाहीतर एसी काढाल आणि इंजिन तापेल. मोकळ्या तारांना टेप लावून बांधा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत एसीसाठी इंजिनची चाल वाढवणारी हवेची बारीक नळी असते, ती उघडी राहिली तर गाडी सिग्नलवर बंद पडते.

आणि शेवटी पत्र्यातली ती दोन भोकं. त्यांना मापाची रबरी बुचं. आम्ही यावेळी बुचं लावली, वर सीलंट भरलं, आणि इंजिन चालू ठेवून अंधारात आतून टॉर्च मारून बघितलं. दादानं तीनदा बघितलं. आम्ही काही बोललो नाही, टॉर्च धरून उभे राहिलो.

तोटा झाला नाही असं म्हणणार नाही. एसी हवा गार तर करतोच, कोरडीही करतो. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते ती एसी दोन मिनिटांत घालवतो. मागच्या गणपतीत पहिल्याच रात्री सहा माणसं बसली, बाहेर पाऊस, आणि पुढची काच दुधासारखी पांढरी. गाडी बाजूला उभी करावी लागली. आता उपाय केला आहे. पंखा आणि हीटर आम्ही मुद्दाम ठेवले आहेत. गरम हवा काचेवर सोडायची आणि मागची काच दोन बोटं खाली ठेवायची. मागे बसणाऱ्यांच्या खांद्यावर चार थेंब पडतात, त्याबद्दल क्षमस्व. आपण गाडीत टॉवेल ठेवला आहे.

सामान अटालेवाल्याला दिलं. ॲल्युमिनियम आणि तांब्याला भाव चांगला आला. त्या पैशात दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि आत पिवळ्या रंगाचे दोन दांडे बसवले. आज बाहेर जाताना बघा. ज्या काकूंनी सांगितलं होतं त्या आज कोणाचाही हात न धरता उतरल्या. त्या इथे बसल्या आहेत, नाव घेतलं तर रागावतील.

आपल्या इंदूरला स्वच्छतेत पहिला नंबर मिळतो याचा आपल्याला अभिमान आहे. आपल्या घरातली लहान मुलंसुद्धा ओला, सुका, प्लास्टिक असा कचरा वेगळा करतात. पण हा वायू असा कचरा आहे, की तो दिसत नाही, त्याचा ढीग होत नाही, सकाळच्या गाडीत तो टाकता येत नाही. त्यामुळे तो सोडून दिला तर कोणी नाव ठेवत नाही. गाड्या आपल्या प्रत्येक दारात आहेत, फ्रिज आणि एसी घराघरात. त्यातला प्रत्येक एक दिवस निघणार आहे. बसवताना आपण दहा जणांना विचारतो, कोणत्या कंपनीचा, किती स्टारचा. काढताना मात्र कोणालाच विचारत नाही. काढतानाही दोन प्रश्न विचारावेत, एवढीच विनंती आहे. आत काय आहे आणि ते कुठे जाणार? आणि तिथे रोज बसतं कोण?

दुसरा प्रश्न आम्ही २००१ साली विचारला असता तर उत्तर घरातच होतं, स्वयंपाकघरात.

दादानं आतापर्यंत मान हलवलेली नाही. म्हणजे सांगितलं ते बरोबर असावं. वेळ संपली आहे, प्रसादाचे मोदक गार होतील. कार्यक्रमानंतर ज्येष्ठांनी कृपया दारापाशी थांबावं, ईको दोन फेऱ्या करणार आहे.